ज्यू इतिहासाची पदवी, आणि बिरड्याचा सण

अष्टागरची_लेक :

नमस्कार. मी अलिबागजवळच्या एका गावात वाढले आणि गेल्या वर्षी लंडनमधील एका विद्यापीठातून ज्यू इतिहास व संस्कृती या विषयाची तीन वर्षांची पदवी पूर्ण केली. मी स्वतः ज्यू नाही. अलिबागच्या इस्राएल आळीतून शाळेला जाताना १८४८ सालचे मागेन आबोथ प्रार्थनालय रोज दिसत असे. त्या इमारतीवरची अक्षरे कोणत्या भाषेतली आहेत, या लहानपणीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी इथवर आले. हा विषय पदवीला नेमका कसा शिकवतात, अशी विचारणा येथे काही जणांनी केली होती, म्हणून हा धागा.

पहिल्या वर्षाचा मोठा भाग हिब्रू शिकण्यात गेला. बावीस अक्षरे आठवड्याभरात येतात, परंतु स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे शब्द आधी ओळखावा लागतो आणि मग वाचता येतो. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. लिहिण्याचा धातू समजला की पत्राला ‘मिख्ताव’ का म्हणतात ते कळते, आणि आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेले ‘किताब’ आणि ‘मकतब’ हे त्याच धातूच्या बहिणीचे वंशज आहेत हेही लक्षात येते. वर्गातील इंग्रज मुलांना हे सारे पाठ करावे लागत होते, तेव्हा मला मोडी-फारसीमिश्रित जुन्या मराठीचा अनपेक्षित आधार मिळाला.

त्यानंतर आले तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाचे पान. मधोमध मिश्ना, म्हणजे साधारण इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हानासी यांनी संकलित केलेले विधिवचन, त्याखाली गेमारा, म्हणजे त्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची चर्चा, आतल्या कडेला अकराव्या शतकातील फ्रान्सच्या राशी नावाच्या पंडितांचे भाष्य आणि बाहेरच्या कडेला त्यांच्या नातवंडांच्या परंपरेतील तोसाफोत, म्हणजे पुरवणी टिपणे. डॅनिएल बोंबर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ या काळात व्हेनिसमध्ये हा ग्रंथ छापला, तेव्हा जे पृष्ठांकन ठरले तेच आजही जगभर चालते. सूत्र, भाष्य, टीका आणि टीकेवरची टीका ही रचना ज्याने संस्कृत पोथ्यांत पाहिली आहे, त्याला हे पान परके वाटणार नाही. फरक इतकाच जाणवला की येथे हरलेल्या पक्षाचे मतही त्याच्या नावासह जपलेले असते. हे पान दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाद घालत वाचायचे असते. त्या जोडीला ‘खाव्रुता’ म्हणतात. ग्रंथालयात आम्हाला त्यासाठी वेगळी खोली दिली होती, कारण तेथे फार आवाज होत असे.

तिसऱ्या वर्षीचा प्रबंध मी बेने इस्राएल या कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या सणांच्या मराठी नावांवर लिहिला. त्याविषयी पुढे लिहीनच. आधी प्रश्न असतील तर विचारावेत.

निवृत्त_मास्तर :

लेख आवडला. माझी शंका मूलभूत आहे. धर्मग्रंथ शिकायचे तर धर्मपाठशाळेत शिकावेत; विद्यापीठाने ते का शिकवावेत? आणि ज्यू नसलेल्या व्यक्तीने ते शिकण्याला त्या समाजाची हरकत नसते का?

अष्टागरची_लेक :

मास्तर, आपला प्रश्न या विषयाच्या जन्माशीच येऊन भिडतो. १८१९ साली बर्लिनमध्ये लिओपोल्ड झुन्झ, एदुआर्द गान्स आणि त्यांच्या काही मित्रांनी एक मंडळ स्थापन केले. कवी हाइने हेही पुढे त्याचे सभासद झाले. आपल्या परंपरेचा अभ्यास श्रद्धेने किंवा वैराने न करता ग्रीक-लॅटिनचा होतो तशा शास्त्रीय पद्धतीने करावा, ही त्यांची भूमिका होती. मंडळ पाचेक वर्षांत मोडले. गान्स यांना प्राध्यापकी हवी होती आणि ती ज्यू माणसाला मिळत नसे, म्हणून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हाइने यांनीही घेतला. झुन्झ यांनी घेतला नाही, आणि या विषयाला विद्यापीठात स्थान मिळावे म्हणून आयुष्यभर केलेली त्यांची खटपट व्यर्थ गेली. १८५४ साली ब्रेस्लाऊला जे विद्यालय निघाले ते अखेर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घडवण्यासाठीच निघाले.

म्हणजे विषय धर्मपाठशाळेतच ठेवावा, हे मत मुळात विद्यापीठांचे होते आणि ते अपमानाच्या रूपात सांगितले गेले होते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या ज्यूंना मिळत नसत, म्हणून १८२६ साली लंडनला जे धर्मनिरपेक्ष विद्यापीठ निघाले (आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज), त्याच्या उभारणीत आयझॅक लायन गोल्डस्मिड या ज्यू सावकाराचा मोठा वाटा होता, आणि तेथे हिब्रूचे पहिले प्राध्यापक हायमन हर्विट्झ हे ज्यू होते. अमेरिकेत मात्र हार्वर्डला १९२५ साली आणि कोलंबियाला १९३० साली या विषयांची अध्यासने निघाली, तोवर झुन्झ यांच्या मंडळाला शंभर वर्षे उलटून गेली होती. आज वर्गात निम्म्याहून अधिक मुले ज्यू नसतात, निदान माझ्या वर्गात नव्हती. हरकत कोणी घेतली नाही. उलट, उच्चार चुकल्यावर घरी आजोबांकडून हिब्रू शिकलेल्या मुलांना जितकी बोलणी बसत, तितकीच मला बसत.

पेठेतला :

प्रामाणिकपणे सांगतो, ज्यू इतिहास म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे हिटलरच्या छळछावण्याच येतात. तीन वर्षे त्याच विषयात घालवणे मनाला सोसते का? आणि त्याव्यतिरिक्त त्यात काही उरते का?

अष्टागरची_लेक :

याच प्रश्नाने दुसरे वर्ष सुरू झाले. सालो बॅरन या इतिहासकाराने १९२८ सालीच लिहिले होते की ज्यूंचा इतिहास म्हणजे हकालपट्ट्या आणि कत्तली यांची अश्रूंनी भिजलेली जंत्री, ही समजूत चुकीची आहे. मध्ययुगातल्या ज्यूची तुलना आजच्या नागरिकाशी न करता त्याच्या शेजारच्या भूदासाशी करावी. तसे केले तर त्याला स्वतःची न्यायसभा होती, स्वतःचे कर गोळा करण्याची व्यवस्था होती आणि गाव सोडून जाण्याची मोकळीकही पुष्कळदा होती, असे दिसते. १२९० ला इंग्लंडमधून आणि १४९२ ला स्पेनमधून हकालपट्टी झाली हे खरेच. तथापि दोन हकालपट्ट्यांच्या मधली शतके लोक रडत बसले नव्हते. ते कर्जरोखे लिहीत होते, सुनेशी भांडत होते, ज्योतिषाची कोष्टके मांडत होते. हांबुर्गच्या ग्लिकल या विधवेने १६९१ पासून यिद्दिश या युरोपीय ज्यूंच्या भाषेत लिहिलेल्या आठवणी आम्ही वाचल्या. त्यात मोत्यांचा व्यापार आणि बारा मुलांची लग्ने जुळवण्याची चिंता इतकी आहे की मला माझ्या आत्येचे बोलणे ऐकू येत होते.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बॅरन यांचे आईवडील आणि एक बहीण पोलंडच्या तार्नूव्ह गावी राहत होते आणि नाझींनी त्यांना ठार मारले. १९६१ साली नाझी अधिकारी आइखमानच्या खटल्यात जेरुसलेमच्या न्यायालयापुढे युरोपातील ज्यू जीवन युद्धापूर्वी कसे होते, याची साक्ष देण्यासाठी बॅरन यांनाच बोलावले गेले. अश्रूंच्या इतिहासाला विरोध करणारा माणूस त्या पिंजऱ्यात उभा राहून काय बोलला असेल, या विचाराने मी ती साक्ष वाचायला घेतली. ते बोलले ते शाळा, वृत्तपत्रे, लोकसंख्या आणि नाटके यांविषयी; काय नष्ट झाले हे कळायचे तर आधी काय होते ते कळले पाहिजे, या रीतीने.

छावण्यांचा काळही शिकवतात, आणि मुख्यतः मूळ कागदांवरून शिकवतात. वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत इमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने गुप्तपणे साठ-एक माणसे जमवून दप्तर उभे केले. डायऱ्या, शिधापत्रिका, मिठाईच्या पुड्यांचे कागद, मुलांचे निबंध, भुकेचे वैद्यकीय निरीक्षण, जे मिळेल ते त्यांनी गोळा केले. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. पेट्या १९४६ साली सापडल्या, दोन कॅन १९५० साली. एकूण पस्तीस हजारांच्या आसपास पाने आहेत. रिंगेलब्लुम स्वतः १९४४ च्या मार्चमध्ये मारले गेले. मनाला सोसते का, असे आपण विचारलेत. तो आठवडा सोसला नाही. आमच्या शिक्षकांनी त्या आठवड्यात निबंध मागितला नव्हता.

धुळाक्षर :

माझ्या मुलीला हाच विषय घ्यायचा आहे. पॅलेस्टाइनच्या प्रश्नामुळे वर्गात वातावरण कसे असते, आणि पदवीनंतर नोकरी कोणती मिळते, हे दोन प्रश्न घरात रोज निघतात. कृपया गोड करून सांगू नये.

अष्टागरची_लेक :

गोड करून सांगत नाही. झायोनवाद (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ) आणि १९४८ हे विषय स्वतंत्र तासिकांत असतात. एकाच आठवड्यात इस्राएली स्वातंत्र्ययुद्धाचे कागद आणि पॅलेस्टिनी लोकांनी ज्याला ‘नकबा’ म्हटले त्या विस्थापनाच्या साक्षी वाचाव्या लागतात, आणि दोन्ही बाजूंची मुले वर्गात असतात. वाद होतात, कधी कोणी उठून जाते. मुलीला मत असले तरी चालेल. मात्र समोरच्याचा कागद पूर्ण वाचण्याची तयारी नसेल, तर हा विषय घेऊ नये. नोकरीचे म्हणाल तर या पदवीवर थेट नोकरी नाही. माझ्या वर्गातील काही जण संग्रहालयात व दप्तरखान्यात लागले, काही शिक्षक झाले, दोघे कायद्याकडे वळले. मी एका ग्रंथालयात जुन्या छापील पुस्तकांच्या सूची करते आणि भाडे देऊन फारसे काही उरत नाही.

बोरीबंदर :

एक भाबडा प्रश्न. मुंबईचे मशीद बंदर स्थानक ज्यूंच्या मशिदीवरून नाव पडलेले आहे, हे खरे का?

अष्टागरची_लेक :

होय. १७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी तेथे ‘शआर हारहमीम’ हे प्रार्थनालय बांधले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले आणि नवस फेडला, असे परंपरा सांगते. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले, आणि शेजारच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडले.

आता प्रबंधाविषयी. अभ्यासक्रमात भारतातील ज्यूंसाठी एकच व्याख्यान होते, आणि त्यातही बहुतेक वेळ कोचीन व बगदादी ससून घराण्यावर गेला. बेने इस्राएल उरलेल्या दहा मिनिटांत आले: नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली, पुढे ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ ठरले, मग कोणी दाविद राहाबी आला आणि त्याने त्यांना ज्यू म्हणून ओळखले. पडद्यावर सणांच्या नावांची एक यादी होती, रोमन लिपीत आणि चुकीच्या ठिकाणी तोडलेली. त्यात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो उपवास, त्याच्यासमोर ‘बिरड्याचा सण’ असे लिहिले होते आणि कंसात प्रश्नचिन्ह होते. अख्ख्या वर्गात बिरडे म्हणजे काय ते मला एकटीला माहीत होते.

वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि नारळाच्या रसात शिजवायचे. ज्यू पंचांगातील आव महिन्याचे पहिले नऊ दिवस शोकाचे असतात आणि त्यांत मांस वर्ज्य असते. ते दिवस पावसाळ्यात, आपल्या आषाढ-श्रावणात येतात. उपवास सोडताना बिरडे. मंदिराचे नाव विसरले गेले असेल, पण काय खायचे ते विसरले गेले नाही. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. इजिप्तमधून सुटकेच्या वल्हांडण सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबवलेल्या आंबट पाण्याचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. आणि त्या सणाचा मूळ नियम आंबवलेले काही घरात न वापरणे हाच आहे. पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो होळीच्या आगेमागे येतो.

मी पहिल्या खर्ड्यात लिहिले की ही नावे दोन हजार वर्षांच्या स्मृतीचा पुरावा आहेत. मार्गदर्शक बाईंनी समासात लिहिले, “हे तुम्हाला कोणी सांगितले, आणि केव्हा?” तेथे माझी गाडी अडली. ही यादी प्रामुख्याने हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या ग्रंथातून येते. तो १८९७ च्या सुमारास लिहिला गेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. केहीमकर आपला समाज अस्सल व प्राचीन आहे हे सिद्ध करण्यासाठी लिहीत होते. त्यांच्या आधी ऐंशी वर्षे अमेरिकन मिशनऱ्यांच्या मराठी शाळा चालू होत्या, मराठी बायबल घरात आले होते, जॉन विल्सन यांनी १८३२ सालीच मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले होते आणि कोचीनचे शिक्षक येऊन गेले होते. बेने इस्राएलांचा निश्चित लेखी उल्लेख सापडतो तो १७३८ चा, सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात. त्याआधी मायमोनिदीस या ज्यू धर्मपंडितांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस भारतातील ज्यू केवळ शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंता जाणतात असे लिहिले आहे खरे, मात्र त्यात कोकणाचे नाव नाही. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या ही कथा आणि परशुरामाने समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना जिवंत केल्याची चित्पावनांची कथा शेजारी ठेवल्या, तर एकाच किनाऱ्याने दोन समाजांना एकच कथा दिली असे वाटू लागते.

अश्दोदकर :

माझे वय सत्तरीच्या पुढे आहे, जन्म रोह्याचा. १९६० च्या दशकात आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो. हा धागा नातवाने दाखवला. मुली, तुझे कौतुक वाटले आणि थोडा रागही आला.

राग याचा की आमच्याकडे पुरावा मागणारे आम्ही आयुष्यभर पाहिले. आम्ही येथे आलो तेव्हा मुख्य रब्बीनेटने, म्हणजे धर्मगुरूंच्या सर्वोच्च पीठाने, हुकूम काढला की बेने इस्राएलाचे लग्न लावण्यापूर्वी त्याच्या आईची, आजीची वंशावळ तपासावी. कोणाच्या पणजीचा दाखला रोह्याच्या ग्रामपंचायतीत मिळणार होता? १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, वडील त्यात होते. शेवटी क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्राएलच्या संसदेत, ठराव झाला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. आता तू विद्यापीठातून येऊन पुन्हा विचारतेस, “हे कोणी सांगितले, आणि केव्हा?” रब्बीने विचारले तेव्हा लग्न अडले. तू विचारल्याने काय अडणार आहे, हे मला समजावून सांग.

अष्टागरची_लेक :

काका, आपला राग योग्य आहे, आणि माझ्या प्रबंधात १९६४ वर एक परिच्छेद सोडता काही नव्हते, हेही कबूल करते.

रब्बीने पुरावा मागितला तो आपण कोण आहात हे ठरवण्यासाठी. मला ते ठरवायचे नव्हते. २०१६ साली जनुकीय अभ्यासही प्रसिद्ध झाला आणि त्यात बेने इस्राएलांचा वंश ज्यू व भारतीय अशा दोन्ही पूर्वजांकडे जातो असे दिसले. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘अखेर सिद्ध झाले’ असे मथळे दिले, आणि मला ते वाचून अवघडल्यासारखे झाले, जणू तोवर आपण सारे जामिनावर होता. माझा प्रबंध शेवटी वेगळ्याच बाजूला गेला. नावे किती जुनी आहेत हा प्रश्न मी सोडला आणि एकोणिसाव्या शतकातील बेने इस्राएलांनी मराठीत स्वतःविषयी काय लिहिले ते वाचू लागले. जोसेफ इझेकिएल राजपुरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या हिब्रूचे ते परीक्षक होते. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादातील (वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकातील) चित्रांत वल्हांडणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका कोकणातल्यासारख्या जमिनीवर बसल्या आहेत. १८८० मध्ये कीर्तन मंडळी निघाली आणि योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी यांत रचली गेली. लंडनच्या ग्रंथालयात ही पुस्तके आहेत. सूचीत त्यांच्यापुढे भाषा ‘मराठी’ एवढेच लिहिलेले असते, आणि ज्यू अभ्यासाचे विद्यार्थी मराठी शिकत नाहीत. यिद्दिश शिकतात, लादिनो ही स्पेनकडच्या ज्यूंची भाषा शिकतात, अरबी शिकतात.

अश्दोदकर :

हे आधी सांगायचे होतेस. माझे आजोबा पेणला कीर्तनात झांजा वाजवत. येथे इस्राएलमध्ये १९८५ पासून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते, ते तुझ्या ग्रंथालयात आहे का ते पाहा.

आणि बिरड्याविषयी एक गोष्ट राहून गेली. तू नारळाचा रस लिहिलास तो बरोबर, आम्ही दूध-मांस एकत्र करीत नाही म्हणून बाकीच्या जेवणातही नारळच घालतो, पण माझी आई त्या दिवशीच्या बिरड्यात आमसूल घालत नसे. इतर दिवशी घालत असे. कारण विचारले नाही कधी. आमच्या बिल्डिंगमध्ये पेणच्या एक बाई आहेत, ऐंशी पार केलेल्या. शब्बाथ संपला की त्यांना विचारून लिहितो.

निवृत्त_मास्तर :

अश्दोदकर, आपण त्यांना विचाराल तेव्हा ‘अनाशी’ शब्दाचा उच्चार त्या कसा करतात, तेही कृपया ऐकून ठेवावे. आमच्या वाड्यात आंबवणीच्या मडक्याला असाच काहीसा शब्द होता.

अश्दोदकर :

विचारले. आमसूल त्यांच्याकडेही नसे. त्या म्हणाल्या, शोकाच्या दिवशी आंबट कशाला. उच्चार फोनवर मुद्रित करून घेतला आहे, नातू चढवून देईल. त्या ‘अनाशी’ म्हणत नाहीत, शेवटचा स्वर खातात.